दिवसांसाठी राखलेली घोडी

कारा-तोकोय, २ नोव्हेंबर

एजे,

सलाम. तू पाठवलेल्या खोकल्याच्या बाटल्या पोचल्या. शहराची गाडी चालवणारा जापार न थांबता खिडकीतूनच देत होता, मी ओरडले तेव्हा थांबला. म्हणाला, "घाटात बर्फ पडायला लागलाय, आता मी येतो तो फक्त तुमच्या थोरल्या बहिणीच्या धाकाने." इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे या दिवसांत माणसं जेवढी बरी असतात तेवढे. बाबांचा खोकला जागचा हललेला नाही. तू गावात असतीस तर रागावून तरी घालवला असतास.

मी दमलेय, एजे. महिना झाला, शाळेत पोरं आपापली खेळतात आणि मी सार्वमताची निमंत्रणं घेऊन दारोदार हिंडते. हेडमास्तर मतदान केंद्राचे अध्यक्ष आणि मी चिटणीस, म्हणजे ते शेगडीजवळ बसतात आणि मी चिखल तुडवते. दारात गेलं की जो तो विचारतो, "परत? गेल्या वेळचं काय झालं?" गेल्या वेळचं काय झालं ते मला तरी कुठे माहीत आहे! मी सांगते, या वेळी चार प्रश्न आहेत, पण उत्तर एकच, चारांना मिळून हो नाहीतर नाही. शेजारच्या उमसुनायकाकू म्हणाल्या, "म्हणजे मुली चार आणि नवरा एक." पूर्ण दिवसात तेवढीच एकदा हसले.

पहिले तीन प्रश्न आमच्याकडे कोणाला कळत नाहीत. मलाही नीट कळत नाहीत, मी फक्त घडाघडा वाचून दाखवते. चौथा मात्र शेंबड्या पोरालाही कळतो: यापुढे जमीन विकता येईल आणि विकत घेता येईल. आपल्या भावकीचं हिवाळी कुरण कोणा एकाच्या नावावर नाही, चाळीस घरांची जनावरं तिथे हिवाळा काढतात. त्या कुरणावर ओमुरझाकचा डोळा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आपला सख्खा चुलतभाऊ, पण तालुक्याच्या कचेरीत बसायला लागल्यापासून नुसती मान वळवायची तर अख्खा माणूस वळवतो. 'हो'चा प्रचार त्याच्याकडे आहे. येतो, गाडीवरच्या कर्ण्यातून गाणी वाजवतो, शाळेला कोळसा कबूल करतो आणि जातो.

बाबा त्याच्याबद्दल काही बोलत नाहीत. संध्याकाळी लाल घोडीला स्वतःच्या हाताने जव घालतात आणि काय बोलायचं ते तिच्याशी बोलतात. घोडी अंगाने छान भरलीय. आई गेली त्या वर्षी त्यांनी ती आपल्या दिवसांच्या जेवणासाठी राखली, तेव्हापासून तिच्यावर कोणाला बसूही दिलेलं नाही. काल उमसुनायकाकू तिला बघून म्हणाल्या, "शारशे, हिच्याकडे बघून तुझ्या दिवसांना कधी एकदा जेवायला येते असं होतं." बाबा इतके खूश झाले की दोनदा खोकले.

तुझी बुरुल

बिश्केक, ५ नोव्हेंबर

बुरुल,

बेकरीतली पाळी संपवून, जिने चढून, आत्ता बसलेय. बूट पायातून निघत नाहीत, तसेच ठेवून लिहितेय. तू चिखल तुडवतेस, मी जिने. 'नाही'चा प्रचार करणारे आम्ही सुरुवातीला पुष्कळ होतो, आता पाच उरलोय, त्यातल्या एकाला दम लागतो म्हणून तो खालीच उभा राहून पत्रकं सांभाळतो. जिन्यात दिवे नाहीत. दार ठोठावलं की आतला टीव्ही गप्प होतो. आज एका दारामागून बाई म्हणाली, "आम्ही घरी नाही." मी म्हटलं, "बरं, आलात की सांगा."

खरं सांगू, मलाही आता वाटत नाही की यातून काही होईल. पण गप्प बसले तर पुढे मला माझाच राग येईल, आणि माझा राग तुला माहीत आहे.

इथे मी दिवसभर दारं ठोठावून एखाद्याला बोलतं करते. तिथे बाबांनी एक शब्द टाकला तर चाळीस घरं ऐकतील. त्यांना सांग, कुलुइपाने मागितलंय म्हणून नको, कुरणासाठी बोला. कुरण ओमुरझाकच्या नावावर झालं तर भावकीच्या मेंढ्या काय माझ्या जिन्यात आणून बांधायच्या?

तू स्वतः काही बोलू नकोस. तू केंद्रावर आहेस, तुझी नोकरी जाईल. बाबांचं कोण काय घेणार आहे?

कुलुइपा

कारा-तोकोय, ९ नोव्हेंबर

एजे,

तुझा निरोप सांगितला. बाबा म्हणाले, "तिला लिही, पेटीत काय टाकायचं ते मी लोकांना सांगत नाही. सांगायला लागलो तर माझ्यात आणि ओमुरझाकच्या कर्ण्यात फरक काय राहिला?" त्यांना कुरण प्रिय नाही असं नाही. रोज सकाळी दारात उभे राहून तिकडेच बघत बसतात. पण सांगायचं नाही म्हणजे नाही.

बाकी बातमी चांगली आहे. काल ओमुरझाक आला होता, एकटाच, कर्णा बंद ठेवून. काकांना बरेच दिवस भेटलो नाही म्हणाला, आणि मेंढी घेऊन आला होता. शेजारपाजारचे आठ-दहा जण त्यानेच बोलावून आणले. मी सकाळपासून चुलीशी. शेवया लाटून लाटून मनगटं दुखली, पण मांस असं मऊ शिजलं होतं की बाबांना दात लावावा लागला नाही. मेंढीचं डोकं रीतीप्रमाणे बाबांपुढे ठेवलं. सार्वमताचा स ओमुरझाकने काढला नाही, खरंच. लहानपणी बाबांनी त्याला घोड्यावर कसं बसवलं, पहिल्यांदा पडला तेव्हा उचललं कसं नाही, हेच बोलत बसला. मलाही बरं वाटलं. कसाही असला तरी आपलेच दात आणि आपलेच ओठ.

उठताना म्हणाला, "काका, दुआ द्या." बाबांनी तळवे उघडले, सगळ्यांनी उघडले. "तुझी वाट मोकळी होवो, हातात घेतलेलं काम तडीस जावो," असं म्हणून तोंडावरून हात फिरवला. नेहमी देतात तशीच.

पुष्कळ दिवसांनी बाबा पोटभर जेवले आणि रात्रभर खोकले नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बुरुल

बिश्केक, ११ नोव्हेंबर

बुरुल, हे पत्र बाबांना वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस.

बाबा,

गाडीतळावर जापार भेटला. मला बघून हसला आणि म्हणाला, "कुलुइपा एजे, तुम्ही कशाला उगाच जिने झिजवताय? तुमच्या बाबांनी 'हो'ला दुआ दिली. कारा-तोकोयचं ठरलं." चार माणसांत म्हणाला. माझ्या हातात 'नाही'ची पत्रकं होती.

तुम्हाला कळलं नाही का, तो कुठलं काम हातात घेऊन आला होता? बुरुलला कळलं नाही हे मी समजू शकते, ती शेवया लाटत होती. पण तुम्ही? गावात तुमची दुआ कोणी मोडत नाही, हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, मेंढीलासुद्धा माहीत असेल. मी तुमच्याकडे एक शब्द मागितला तर तो तुम्हाला कर्णा वाटला. त्याने मेंढीचं डोकं पुढे ठेवलं आणि तुम्ही चाळीस घरांचं कुरण देऊन बसलात.

मी दमलेय, बाबा. तुम्ही माझ्या पाठीशी आहात असं समजून इतके जिने चढले. उद्यापासून कशाच्या बळावर चढू, ते तुम्हीच सांगा.

कुलुइपा

कारा-तोकोय, १४ नोव्हेंबर

एजे,

मी तुझं पत्र बाबांना वाचून दाखवणार नव्हते. पण जापारच तो. बाबा दारातच बसले होते, त्याने पाकीट त्यांच्याच हातात दिलं, वर म्हणाला, "जपून उघडा, गरम आहे." मग मी वाचायला बसले आणि मनानेच घातलं: बाबा, तुमची तब्येत कशी आहे, इथे थंडी फार आहे, मी तुमची आठवण काढते. बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "किती गोड लिहिलंय. आता माझ्या थोरल्या मुलीने काय लिहिलंय ते वाच."

मग वाचलं. एक शब्द गाळला नाही.

ते उठून घोडीकडे गेले. मीही तुझ्यावर चिडले होते, आता नाही, कारण तू म्हणालीस ते खरं निघालं. ओमुरझाकने मेंढीची हाडं थंड व्हायच्या आत घरोघर सांगितलं की शारशेकाकांनी 'हो'च्या कामाला दुआ दिली. लोक बिचारे मलाच येऊन सांगतात. एक म्हणतो, "बुरुल, मी 'नाही' टाकणार होतो, पण दुआच्या विरुद्ध गेलो आणि मेंढ्या मेल्या तर?" उमसुनायकाकू, ज्या कोणाला भीत नाहीत, त्याही म्हणाल्या, "मी तळवे उघडून बसले होते गं. माझ्या तळहातात ती दुआ पडलीय. आता काय करू?"

मी बाबांना म्हटलं, लोकांना सांगा की फसवणूक झाली, दुआ परत घ्या. ते म्हणाले, "दिलेली दुआ परत घेतात का? तसं असेल तर गावच्या लग्नांत दिलेल्याही घेता येतील. जेवलेल्या माणसाला मी दुआ दिली, त्यात खोट नाही. खोट याच्यात आहे की मी विचारलं नाही. पाहुण्याला काम विचारायचं नसतं, म्हणून विचारलं नाही."

आणि काल रात्री जेवता जेवता म्हणाले, "शनिवारी घोडी कापायची. चाळीस घरांना सांगून ये."

एजे, मला वाटलं ते भ्रमात बोलतायत. मी म्हटलं, कोणती घोडी? म्हणाले, "आपल्याकडे किती घोड्या आहेत?"

मी रडले, हातापाया पडले. उद्या-परवा तुमचं काही झालं तर आम्ही भावकीपुढे काय ठेवायचं? शारशेच्या मुलींनी बापाला कोरड्या नानावर पोचवलं, असं लोक म्हणतील. ते म्हणतात, "मी मेल्यावर लोकांनी जेवावं म्हणून राखली होती. आत्ता जेवतील. मी जिवंतपणी बघेन तरी कोण किती खातो ते." पूर्वी कोणी कोणी म्हातारे असं करायचे म्हणे, आपले दिवस आपणच घालायचे. मी तर कधी पाहिलेलं नाही.

रविवारी सार्वमत, शनिवारी घोडी. तू ये. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. कशीही ये.

बुरुल

बिश्केक, १५ नोव्हेंबर

बुरुल,

गाडीतळावर जाऊन आले. घाट बंद आहे, एकही गाडी सुटत नाही. जापार म्हणाला, बर्फ काढणारं यंत्र उद्या दुपारी आलं तर आलं. हे पत्र त्याच्याकडे देतेय. पोचेल तेव्हा पोचेल.

बाबांना थांबव. गोठ्याच्या दारात आडवी पड. त्यांना सांग, कुलुइपाने शब्द मागे घेतला. 'हो' येऊ दे, चारही प्रश्नांना येऊ दे, कुरण ओमुरझाकला जाऊ दे, पण घोडी राहू दे. मी रागाच्या भरात लिहिलं. घोडी कापा असं नव्हतं लिहिलं.

आई गेली तेव्हा आपल्याकडे काही नव्हतं, आठवतं? शेजाऱ्यांची म्हातारी गाय मागून आणली होती आणि बाबा मान खाली घालून मांस वाढत होते. त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की आपल्या वेळी मुलींना मान खाली घालायला लावायची नाही. माझ्या एका पत्राने ते गेलं तर मी गावात तोंड कसं दाखवू?

एजे

कारा-तोकोय, १८ नोव्हेंबर

एजे,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. रडू नकोस, आधी सगळं वाच.

शनिवारी सकाळी बाबांनी घोडीला शेवटचे जव घातले. मग आतून आपली मेंढीच्या केसाळ कातड्याची टोपी घालून आले आणि अंगणात बसले. घरं चाळीसही आली. ओमुरझाकलाही बोलावलं होतं. मी म्हटलं, त्याला कशाला? बाबा म्हणाले, "माझ्या दिवसांना पुतण्या नको?" आला तोही, कोपऱ्यात उभा राहिला. घोडी आणली, सगळ्यांनी तळवे उघडले, आणि बाबांनी आपल्याच दिवसांची दुआ आपणच दिली. मी घरात पळाले, पुढचं मी पाहिलं नाही.

जेवण झालं. बाबांनी ओमुरझाकला जवळ बसवून मांडीचा चांगला तुकडा स्वतः कापून दिला. त्याला गिळवत नव्हतं, पण वडीलधाऱ्याच्या हातचं नाकारतो कसा! खाल्लं. मग बाबा उभे राहिले. एवढं बोलताना मी त्यांना आईच्या दिवसांनंतर पहिल्यांदा पाहिलं.

"ओमुरझाकची मेंढी मी खाल्ली आणि त्याला दुआ दिली," ते म्हणाले. "ती त्याच्या वाटेला दिली, तुमच्या हाताला नाही. तरी तुम्ही म्हणता, शारशेची दुआ आम्हाला लागते. बरं. आज तुम्ही काय जेवलात? माझे दिवस जेवलात. म्हणजे शारशे गेला. गेलेल्या माणसाच्या दुआने कोणी बांधलेला नसतो, आणि त्याच्या शिव्याही लागत नाहीत. उद्या जो तो आपल्या डोक्याने चिठ्ठी टाका. 'हो' टाका, 'नाही' टाका, मला येऊन सांगू नका, मी ऐकायला नाही."

मग उमसुनायकाकू मोठ्याने म्हणाल्या, "माणूस चांगला होता हो," आणि लोक हसायला लागले. बाबासुद्धा हसले. ओमुरझाक हात न पुसताच निघून गेला.

रविवारी पहाटे हेडमास्तरांनी आमच्याकडे फिरती मतपेटी पाठवली, दोन माणसं बरोबर. शारशे म्हातारे आहेत, खोकला आहे, घरीच मत देऊ द्या. म्हणजे शाळेत चार लोकांना दिसायला नकोत. बाबा अंथरुणावरूनच म्हणाले, "ही पेटी आजाऱ्यांसाठी आहे ना? मी आजारी कुठे आहे? मी तर कालच वारलो." ती माणसं परत गेली आणि बाबा त्यांच्यामागोमाग बर्फातून काठी टेकत शाळेत आले. मी टेबलाशी बसले होते. शाळेत नेहमीची जत्रा होती, कर्ण्यावर गाणी, दाराशी समोसे आणि स्वस्त साखर. पहिल्या मतदाराला द्यायची चहाची किटली हेडमास्तरांनी कोणासाठी ठेवली होती कोण जाणे, पण पहिले आले बाबा. उमसुनायकाकू रांगेत म्हणाल्या, "आपल्या गावात मेलेले दर वेळी मत देतात. या वेळी निदान एक जण स्वतः चालत आला." हेडमास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. किटली द्यावी लागली.

नको तो शब्द चिठ्ठीवर खोडायचा असतो. बाबा पडद्यामागे बराच वेळ होते. मग आतूनच ओरडले, "बुरुल, तुझा चष्मा दे."

संध्याकाळी मोजलं. एजे, 'नाही'चा ढीग मोठा होता. जरासा नाही, चांगला मोठा. हेडमास्तर त्या ढिगाकडे बघत राहिले, मग आपली टोपी काढून त्यावर ठेवली आणि म्हणाले, "चहा मांडा." मी खऱ्या आकड्यांखाली सही केली. कागद तालुक्याला गेले. आज रेडिओवर सांगितलं की आपल्या तालुक्याने जवळजवळ एकमुखाने 'हो' म्हटलं. माझी सही गाडीत कुठे उडून गेली, मला माहीत नाही. कोळसाही आलेला नाही. पोरं वर्गात कोट घालून बसतात, आणि हेडमास्तर माझ्याशी बोलत नाहीत.

रेडिओ बंद करून बाबांनी मला विचारलं, "तू मोजलंस तेव्हा कुठला ढीग मोठा होता?"

मी म्हटलं, "'नाही'चा."

"मग झालं," म्हणाले, आणि सवयीने जवाची टोपली उचलून गोठ्याकडे गेले. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. टोपली घेऊन तसेच उभे राहिले, एजे. मी बघू शकले नाही.

बुरुल

बिश्केक, २३ नोव्हेंबर

बाबा आणि बुरुल,

पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा, त्या टोपलीपाशी आल्यावर, पुढे वाचता येईना.

माझा रविवार सांगण्यासारखा नाही. मी केंद्रावर देखरेखीला होते, मला खांबामागे खुर्ची दिली. दिवसभर मी खांब बघितला. संध्याकाळी त्यांनी मोजलं आणि मला सांगितलं, "तुम्हाला नीट दिसलं ना?" मी म्हटलं, खांब नीट दिसला. आम्हा पाच जणांनी नंतर जिन्यात बसून बेकरीतला उरलेला पाव खाल्ला आणि घरी गेलो. त्या वेळी वाटलं, सगळं वाया गेलं. मग बुरुलचं पत्र आलं. देशात आणखी कुठे खरं मोजलं गेलं असेल-नसेल, पण एका गावात मोजलं, आणि ते माझ्या बाबांचं गाव आहे. आता ते मला कोणी खोडून दाखवावं.

बाबा, मी तुम्हाला नको ते बोलले. तुम्ही त्याची भरपाई केली, ती माझ्या लायकीपेक्षा फार मोठी झाली. वसंतात घाट उघडला की मी स्वतः एक शिंगरू घेऊन येते. तोपर्यंत जपून राहा. ओमुरझाक पुन्हा आला तर बुरुल, दार लावून घे.

कुलुइपा

कारा-तोकोय, १ डिसेंबर

(बाबा सांगतात, मी लिहिते. एक शब्द गाळायचा नाही अशी ताकीद आहे. बुरुल)

कुलुइपा,

शहरातून शिंगरू आणू नकोस. शहरचं जनावर आमचं गवत बघून घाबरेल. वसंतात मी इथेच बघून घेईन. (कुठून घेणार ते विचारलं तर उत्तर देत नाहीत.)

ओमुरझाक परवा आला. दार लावता येत नाही, दाराला कडी कुठे आहे? त्याच्यामागे दोरीला एक तरणी घोडी होती. आमच्या खांबाला बांधली आणि म्हणाला, "काका, तुमच्या दिवसांसाठी." मी तिचे दात बघितले. चांगली घोडी आहे. तुझ्या लाल घोडीपेक्षा उंच. (तुझी नाही, त्यांचीच होती.)

या वेळी मी आधीच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याला विचारलं, "काय काम काढलंस?"

तो बराच वेळ टोपी फिरवत बसला. मला वाटलं, कुरण म्हणेल. म्हणाला, "काका, सार्वमत जिंकलं, तालुक्यात माझं कौतुक झालं. पण सार्वमतापासून भावकीतला एक माणूस माझ्या घरी नान मोडायला आलेला नाही. बायको जेवणाचं दस्तरखान पसरते, संध्याकाळी तसंच आवरते. तुम्ही दुआ दिलीत तर येतील."

माझा भाऊ गेला तेव्हा हा एवढासा होता, मीच वाढवला. हा रडला तर मला बघवत नाही, तुला माहीत आहे. मी नान मोडला, अर्धा त्याला दिला, अर्धा मी खाल्ला. खाणं मी कोणाचं तोडत नाही. मग घोडीची दोरी सोडून त्याच्या हातात दिली.

दुआ मागत होता. मी म्हटलं, वसंतात ये. बर्फ वितळलं की चाळीस घरांची जनावरं त्या कुरणातून आपल्या पायांनी बाहेर पडतील, पुढच्या हिवाळ्यात आपल्या पायांनी परत आत जातील. कोणी त्यांना अडवलं नाही, कोणी कागद दाखवला नाही, तर दोन्ही तळवे उघडेन. तोवर तळवे माझ्याच मांडीवर. तो म्हणाला, "काका, तोवर तुम्ही असाल ना?"

मी म्हटलं, नसून कसं चालेल? एकदा मेलो, जेवण वाढून झालं. आता नवी घोडी राखून भरेपर्यंत चार-पाच वर्षं पुन्हा मरायची सोय नाही. त्यात तू कुरणाचं काय करतोस ते बघायचं, आणि मधे आणखी एखादं सार्वमत येईलच, तेव्हा बुरुलचा चष्मा लागेल.

म्हणून, कुलुइपा, खोकल्याच्या बाटल्या जरा जास्त पाठव.

बाबा

(शेवटचं बोलताना हसत होते. किटलीत चहा केलाय, सार्वमताच्या किटलीत. तोटी गळते. बुरुल)